साठच्या खाली

सोखाबाईच्या डोनटच्या दुकानात सकाळी साडेसहाला रॉयस डनागनने रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यावर तीन रकाने आखले. टेक्ससमधल्या ओडेसाच्या तेलविहिरींवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला वही लागत नाही, हाताला येईल त्यावर तो हिशोब मांडतो. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्याने एकेका ॲपचं नाव लिहिलं. तिन्ही ॲपवर एकाच प्रश्नावर पैसे लावता येत होते: महिनाअखेरीला कच्चं तेल पिंपाला साठ डॉलरच्या खाली असेल का? हो की नाही.

"परीक्षेला बसतोयस की काय?" आर्लिसने विचारलं. आर्लिस त्याचा जुना सोबती. दोन बोटं विहिरीला देऊन निवृत्त झाला होता. उरलेल्या आठ बोटांनी कॉफीचा कप धरायचा आणि जिभेने दिसेल त्याला टोचायचं, एवढंच काम आता त्याला उरलं होतं.

"हे बघ. पहिल्यावर महिनाभरात भाव एकदा जरी साठच्या खाली शिवून आला तरी 'हो'वाले जिंकतात."

"मग तेच घे की लेका!"

"म्हणून तर महाग आहे. आणि कंपनी तसं बघत नाही. तिसऱ्यावर उत्तर समुद्रातल्या तेलाचा भाव धरतात. त्या तेलाचा मी कधी वाससुद्धा घेतलेला नाही. दुसरं मात्र आपलं, टेक्ससचं तेल बघतं. शेवटच्या दिवशी दुपारी दीडला बंद झालेला भाव. कंपनी धरणार तोच."

कंपनी म्हणजे रॉयसचा मुलगा कोल्बी जिथे कामाला होता ती. तिने कामगारांना उभं करून सांगून टाकलं होतं, शुक्रवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, भाव साठच्या खाली बंद झाला तर विहिरी खोदणारी रिग नंबर चौदा थांबणार आणि सगळे घरी. नोकरीबरोबर आजारपणाचा विमाही जाणार. कोल्बीच्या बायकोला, येसेनियाला, आठवा लागला होता. बाळ कुणाच्या पोटी जन्मतं ते राहू दे, इथे ते आधी नोकरीच्या पोटी जन्मतं. विम्याशिवाय बाळंतपण म्हणजे दहा-बारा हजार डॉलर.

रॉयसने मासेमारीची बोट विकली होती. चार हजार आले होते. एक 'हो' चाळीस सेंटला मिळत होतं आणि खरं ठरलं तर त्याचा डॉलर होणार होता.

"भाव वर राहिला तर पोराची नोकरी टिकते आणि माझे चार हजार बुडतात," तो म्हणाला. "खाली गेला तर नोकरी जाते, पण हातात दहा हजार येतात."

आर्लिसने कप खाली ठेवला. "म्हणजे पोराच्या विरुद्ध लावतोयस."

"विमा उतरवतोय."

"कोल्बीला सांगितलंस?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

त्याला खरोखरच त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. रॉयसला बऱ्याच गोष्टींचं काही वाटेनासं झालं होतं. पहिल्यांदा कामावरून काढलं तेव्हा तो गाडीत बसून ढसाढसा रडला होता. चौथ्यांदा काढलं तेव्हा तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला होता. त्या दिवशी त्याने घरी येऊन गवत कापलं, शेजाऱ्याचंही कापलं. तेव्हापासून तो भाव नुसता बघायचा, बाहेरचं तापमान बघावं तसा.

रविवारी कोल्बी एकटाच आला. रॉयस अंगणात बरगड्या भाजत होता. पोरगा धूर चुकवत जवळ आला.

"डॅडी, तुला काय वाटतं?"

"कशाचं?"

"भावाचं. रिगवर सगळ्यांनी 'नाही' लावलंय. पाच-पाचशे. खाली जाणारच नाही म्हणतात. आपल्याच टीमवर लावल्यासारखं. मीही लावू का?"

रॉयस आत गेला आणि फ्रिजला लावलेलं झाकण घेऊन आला. "दुसरं घे. नियम स्वच्छ आहेत."

कोल्बीने ते झाकण बराच वेळ निरखलं. "म्हणजे लावू म्हणतोस?"

"लावायचेच असतील तर त्याच्यावर लाव."

कोल्बीने तिथेच उभ्या उभ्या पाचशे डॉलरचं 'नाही' घेतलं आणि हसला. रॉयसने बरगड्या उलटल्या.

शुक्रवारी दीडला पाच मिनिटं कमी असताना रॉयस स्वयंपाकघरात फोन घेऊन बसला होता. भाव साठ डॉलर दहा सेंट होता. मग साठ दोन. मग एकोणसाठ नव्वद. "चल, अजून खाली," तो पुटपुटला, आणि आपलाच आवाज ऐकून गप्प झाला. एकोणसाठ चौऱ्याऐंशीला बाजार बंद झाला. ॲपवर हिरवी खूण आली. त्याने पाणी प्यायलं, पेला विसळला, पालथा घातला.

पाच वाजता कोल्बी आला. रिगवरून कायमचे परत आणलेले बूट आणि हेल्मेट गाडीत मागे पडले होते.

"सोमवारी तुला दहा हजारांचा चेक देतो," रॉयस म्हणाला. "बाळंतपणाला."

"एवढे कुठून आणलेस?"

कोल्बीची नजर फ्रिजवरच्या झाकणाकडे गेली. दुसऱ्या रकान्यातल्या 'हो' शब्दाला केलेला पेनाचा गोल त्याला आज पहिल्यांदा दिसला.

"मी रविवारी आलो तेव्हा तुझे पैसे लागले होते?"

"लागले होते."

"आणि मला त्याच ॲपवर 'नाही' घ्यायला लावलंस?"

"कुठलं चांगलं ते तूच विचारलंस."

"नव्हतं विचारलं." कोल्बीचा आवाज चढला नाही. "तुला काय वाटतं, एवढंच विचारलं होतं. माझं काम राहील का. राहील रे, असं खोटं म्हणाला असतास तरी चाललं असतं."

रॉयसने फ्रिजवरचं झाकण काढून टेबलावर पालथं घातलं.

"माझे पाचशेही तुझ्याच दहा हजारांत असतील."

"असतील. तिथे 'हो'च्या समोर 'नाही' लावणारा माणूसच असतो."

कोल्बीने मान हलवली. "चेक येसेनियाच्या नावाने लिही. मला नको देऊस." दारापर्यंत जाऊन तो थांबला. "दीडला फोन बघत असशील. वर जा म्हणत होतास की खाली?"

"वर," रॉयस म्हणाला.

कोल्बीने रविवारी झाकणाकडे बघितलं होतं तेवढाच वेळ बापाकडे बघितलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत रॉयस दारात उभा होता. मग तो खुर्चीत बसला. त्याला लाज वाटत होती. किती वर्षांनी काहीतरी वाटत होतं, आणि ते हे होतं. फोन वाजला. ॲपवर पुढच्या महिन्याचा प्रश्न आला होता: पंचावन्नच्या खाली? हो की नाही.