मारलची झडप

सोलमाझच्या आईचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बापानं जन्मभर कातडी कमावली, पोटाला चिमटा घेऊन पोरीला डॉक्टर केलं. आणि ही बया डॉक्टर होऊन काय करते? कातडीच कमावते!" इराणातल्या तबरीझ शहरातल्या त्यांच्या गल्लीत हे वाक्य ऐकलं नाही असं घर नसेल. सोलमाझ चिडायची, पण खोटं तरी कसं म्हणणार? कत्तलखान्यातून वासराचं हृदय आणायचं, त्यातली झडप अलगद कापून घ्यायची आणि धुऊन धुऊन तिच्यातली वासराची पेशी न् पेशी काढून टाकायची. उरायचा तो ओल्या मलमलीसारखा तुकडा. हृदयाचा एक ठोका सोसायचीही ताकद त्याच्यात नसायची. मग त्याला बळकट करायचं. जग त्यासाठी एक जालीम रसायन वापरतं. त्यानं झडप घट्ट होते, पण मेलेलीच राहते, आणि लहान मुलांच्या अंगात बघता बघता तिच्यावर चुना चढतो. सोलमाझ डाळिंबाच्या सालीचा अर्क वापरायची, बाप कातड्यांना लावायचा तोच. मुलाच्या स्वतःच्या पेशी जिच्यात घर करतील आणि जी मुलाबरोबर वाढेल, अशी झडप तिला हवी होती.

कुठल्या मुलासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आयसान ही तिची भाची, भावाची मुलगी. आईवेगळी पोर, आजीजवळच वाढलेली. तिच्या छातीत त्या जालीम रसायनातलीच झडप होती, आणि ती डॉक्टरांच्या अंदाजाच्या फार आधी कडक होऊ लागली होती. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. छाती आणखी एकदाच उघडता येणार होती, त्यानंतर नाही. म्हणजे पुढची झडप शेवटची, आणि ती वाढणारीच हवी.

त्याआधी ती मेंढीच्या अंगात मऊ राहिलेली दाखवायची होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीनं रडतखडत दोन मेंढ्या मंजूर केल्या. पहिली झडप बसवतानाच टेबलावर गेली. दुसरी मारल. हिची झडप मऊ निघाली तर काम पुढे मुलांपर्यंत न्यायचं, नाहीतर विषय कायमचा बंद, असं समितीनं तोंडावर सांगितलं होतं.

मारल जगली. नुसती जगली नाही, चांगली माजली. दर शुक्रवारी सोलमाझ गावाबाहेरच्या गोठ्यात तिला तपासायला जायची, आणि आई पाव, भाजीचे देठ बांधून हट्टानं बरोबर यायची. सोलमाझ आत यंत्र लावेपर्यंत आईचं भरवणं सुरू.

"खानम, माझ्या बायकोनं मला एवढ्या मायेनं कधी भरवलं नाही," गोठा सांभाळणारा मश्दी याकूब म्हणायचा.

"तुझ्यात काय माझ्या लेकीची झडप बसवलीय, मश्दी? तुझ्यात नुसता चहा."

ठरलेल्या दिवशी झडप काढून बघायला मारलला कायमची भूल दिली. सोलमाझनं हृदय उघडलं आणि झडपेच्या पडद्यावर सुरी टेकवली. करकर वाजलं. पडदा अंड्याच्या कवचासारखा मोडला.

 तरी सवयीनं ती पुढचं पाहू लागली. मारलच्या स्वतःच्या धमनीतही चुना होता. मूत्रपिंडातही होता. डाळिंबाचा अर्क जिथे कधी पोहोचलाच नव्हता, तिथेही होता.

"मश्दी, हिला काय खायला घालत होता?"

"चारा तोच, पाणी तेच, डॉक्टर खानम. आणि आईसाहेब पावावर ओतायच्या ते तुमचं औषध. काचेच्या कुपीतलं."

"माझं औषध?"

"तुम्हीच पाठवता ना? मला वाटलं, डॉक्टरांच्या घरचं..."

सोलमाझनं हातातली सुरी खाली ठेवली. डी जीवनसत्त्व! कंबर दुखली, केस गळले, नवरा फुगून बसला, तबरीझच्या बायकांचा उपाय एकच, डीची कुपी फोडून पिणं. कधीमधी घेतली तर चांगलीच, पण दर आठवड्याला घेत राहिलं तर अंगभर चुना साचतो. आता अर्क हरला की कुपी जिंकली, हे देवालाच ठाऊक. समितीपुढे काहीही मांडलं तरी फळ एकच. तिला स्वतःचा राग आला, आईचा आला, आणि आईचा आला म्हणून पुन्हा स्वतःचाच आला.

घरी आई चहा मांडून तिची वाट बघत बसली होती. आयसान आतल्या खोलीत झोपली होती.

"काय निघालं गं?"

"आई, मारलला कुपी देत होतीस?"

"देत होते तर! नुसत्या गवतावर कुठं हृदय बळकट होतं?" आईच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. "चांगली धडधाकट झाली ना?"

या बाईला सांगायचं? सांगून मारल परत येणार होती थोडीच? "झडप फसली, आई. माझा अर्कच कमी पडला."

आईनं सोलमाझच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. तू काय कमी झिजलीस? माणसाच्या हातात प्रयत्न. बापाची सुद्धा कातडी नासायची." ती उठली, कपाटातून कुप्यांचा खोका काढला. "आता मेंढी गेली, तर तिच्या वाटणीच्या पण पोरीलाच देते. इतके दिवस बिचारीला अर्ध्यावर भागवलं."

सोलमाझला आधी अर्थच लागेना.

"आयसानला देतेस?"

"म्हणजे काय! पहिली झडप बसवली तेव्हापासून. ती खाते-पिते कुठं? तहान तेवढी लागते मेलीला. मेंढीला दिलं ते तिच्यावरूनच सुचलं ना मला."

सोलमाझनं तिच्या हातातून खोका ओढून घेतला. मघाचं खोटं आता चालणार नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, मारलच्या धमनीपासून. सांगताना तिला रडू फुटलं. आई रडली नाही. ती खाली गालिच्यावर बसली, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली.

"आजपासून बंद केलं तर?" तिनं विचारलं.

"बंदच करायचं. उद्याच रक्त तपासू. नवीन साचायचं थांबेल."

"आणि साचलंय ते? निघतं ना गं परत?"

झडपेवर चुना चढू नये म्हणून सोलमाझनं उभं तरुणपण घातलं होतं. चढलेला कसा उतरवायचा, हे जगात अजून कोणालाच जमलेलं नव्हतं.

"निघत नाही, आई," ती म्हणाली.