दोघींना पेलणारी ट्यूब

"आबा, तुमच्या ट्रकची ती जुनी ट्यूब मला द्याल का?"

हा प्रश्न विचारून दाखवायची पैज शिरगावच्या पोरींनी झुंबरशी लावली होती. तिचे आबा म्हणजे मारुती ड्रायव्हर. जेवताना कुणी ट्रकचं नुसतं नाव काढलं तरी डोळे वटारायचे. पण झुंबरने भाकरी मोडता मोडता विचारलं! दाराआड चार पोरी श्वास रोखून उभ्या. आबांनी घास गिळला, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ने. पन तीन ठिगळं हायती तिला. बुडालीस तर मला सांगाय येऊ नगंस."

दाराआड फिस्सकन हसू फुटलं.

ती तीन ठिगळांची ट्यूब म्हणजे मी. मित्रांनो, ही गोष्ट सांगताना माझी मान खाली जाते. ट्यूबला मान नसते हे मला ठाऊक आहे, तरीही जाते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं मला फक्त गरम साचा आणि रबराचा वास एवढंच आठवतं. पुढे तारापूरला वीजघराचं बांधकाम निघालं आणि मी मारुतीच्या ट्रकच्या मागच्या चाकात जाऊन बसले. दोन वर्षं पालघरहून तारापूरला खडी वाहिली. चाकाच्या पोटात राहणाऱ्याला जग दिसत नाही, नुसतं ओझं कळतं. पण सबंध भरलेला ट्रक मी पेलला आहे, बरं का! हे लक्षात ठेवा. पुढे मला त्याचीच लाज वाटणार आहे.

मग मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी समुद्र पाहिला. अहाहा! शिरगावच्या किनाऱ्यासमोर खडकांचा एक उंचवटा आहे, त्याला पोरी 'बेट' म्हणत. ओहोटीला तिथवर चालत जाता येई. वर वाळूचा एक तुकडा होता, लंगडी आणि हुतूतू खेळण्यापुरता. खेळून अंग तापलं की पोरी धपाधप पाण्यात उड्या टाकत.

झुंबर बीडकडची, आबांच्या कामापायी इथे आलेली. विहिरीपेक्षा मोठं पाणी तिने पाहिलेलं नव्हतं. पण मला काखेत घेऊन ती अशी पाय मारी की काठावरच्या बायका म्हणत, "ड्रायव्हरची पोर काय झ्याक पवते!" पोहत होते मी. ती नुसती लटकलेली असायची. मला मात्र ते कौतुक फार आवडे. मी आणखी फुगून तरंगे.

तिची जिवाची मैत्रीण चिमी, सातपाटीच्या भिकाआजाची नात. ती मासळीसारखी पोहायची, पण तिचं कौतुक कोण करणार? कोळ्याच्या पोरीला पोहता यायचंच!

तो रविवार अमावास्येचा होता. आम्ही सकाळी आठला कोरड्या वाटेने बेटावर गेलो. खेळ रंगला. दहाच्या सुमाराला चिमीने पाण्याकडे पाहिलं आणि ती थबकली.

"चला गं. आज अमोशा हाय. पानी पाठीमागनं भरतंय."

बाकीच्या तिघी चपला शोधायला लागल्या. झुंबर जागची हलली नाही.

"मागच्या आयतवारी आपन दुपारी दोनला परत गेलो की! आयतवारची वाट आयतवारी उघडीच असनार."

तिच्या गावचा बाजार वारावर भरे. समुद्र तिथीवर भरतो, हे तिला कुठून ठाऊक असणार?

"तसं नाय गं," चिमी म्हणाली.

"कोळ्याची पोर असून पान्याला भितीस? जा, जा घरी. आईच्या पदरात बस!"

चिमीचा चेहरा उतरला. तिघी निघून गेल्या. चिमी मात्र झुंबरपाशी थांबली.

अर्ध्या तासात वाट दिसेनाशी झाली. झुंबरने मला गळ्यात घातलं आणि उडी टाकली. चिमी शेजारून सपसप हात मारत होती. मध्यावर आल्यावर तिच्या पोटरीत गोळा आला. तिने एकदा पाणी गिळलं, वर आली.

"झुंबरे! हात दे! ट्यूब धरू दे गं जरा!"

तिची बोटं माझ्या तिसऱ्या ठिगळावर आली. मला वाटलं, ये पोरी, धर. भरला ट्रक पेलला मी, तुम्ही दोघी मला जड आहात का?

आणि झुंबरने तो हात झटकला.

मी काहीच करू शकले नाही. जिने मला घट्ट धरलं होतं तिला घेऊन मी काठाला लागले, ऐटीत तरंगत.

झुंबर वाळूवर पडून किंचाळली तेव्हा भिकाआजा काठावर जाळं सांधत बसले होते. त्यांनी होडी लोटली. मासेमारीच्या जाळ्यांसाठी पाण्यात रोवलेल्या एका खुंटाला चिमी मिठी मारून होती. तिला काठावर आणल्यावर आजांनी झुंबरच्या डोक्यावर हात ठेवला.

"ही पोर वरडली म्हनून माजी नात वाचली."

चिमी खोकत होती. तिने झुंबरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून मी परसातल्या खुंटीवर. उन्हाने अंगाला बारीक चिरा पडल्या. गावात झुंबरचं नाव झालं. शाळा उघडली की गुरुजी तिचा सत्कार करणार होते. तिची आई मैनाबाई नव्या परकराला काठ लावत बसे. झुंबर मात्र माझ्याजवळून जाताना मान वळवायची. चिमी हाक मारायला यायची थांबली होती.

मित्रांनो, वापर नसला की रबर सुकतं, हे खरं. पण त्या चिरांपेक्षा मला तिसरं ठिगळ जास्त दुखे. जो तुम्हाला तरंगवतो तो दुसऱ्यालाही तरंगवू शकतो, एवढं तरी त्याला करू द्या.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी मारुतीने मला खाली काढलं आणि पंपाने हवा भरली. "सत्काराला हिला बी नेऊ. हिचा बी मान हाय."

झुंबर उंबऱ्यात उभी होती. ती आली आणि तिने मला आबांच्या हातातून घेतलं.

"आबा, चिमीनं ट्यूब मागितली व्हती. मी तिचा हात झटकला."

मैनाबाईची सुई थांबली. "आगं, हळू बोल! लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत." झुंबरने मला काखेत घट्ट धरलं. "आई, त्यो परकर ठिव. मी आत्ता भिकाआजाकडं चाललीया, खरं सांगाय. उद्या शाळेत बी सगळ्यांम्होरं सांगनार. आन् ही ट्यूब चिमीला देनार. तिनं न्हाई घेतली तरी तिच्या दारात ठिवून येनार."