बुधवारी, आयेच्या बोलीत

चैत्राची तप्तधवल दुपार सोलापुरावर ओणवली होती. कडुनिंबाचा मोहर निःशब्द झरत होता, झरत होता, अंगण शुभ्र करीत होता. पाण्याचं मात्र कुठं नाव नाही! हेमांगीच्या डोळ्यांतही नाही.

माघात तिची आये गेली. दूर कोकणात, आचऱ्याला, माडांच्या नीलहरित छायेत, खाडीच्या काठी आई गेली. रोज तिन्हीसांजेला फोनवर यायचा तो मायाळू, खारावलेला स्वर: "च्या घेतलंस गो बाय?" त्या एका स्वराशी हेमांगी मालवणी बोलायची. बाकी साऱ्या संसाराशी शुद्ध, इस्त्रीची मराठी. नवी नवरी असताना सासरी तिच्या बोलीवर हशा पिकला होता ना! मेला तो हशा! तिनं जीभ आवरली ती कायमची. आता आये नाही, आणि बोलीला दारच उरलं नाही. रडूही तिथंच अडलं.

लेकीनं पिच्छाच पुरवला, समुपदेशक संपदाताईंचा नंबर आणून दिला. आज हेमांगीनं एकदाचा फोन लावला.

पलीकडचा स्वर मृदू, मंद, घाई नसलेला. बुधवार ठरला. चारची वेळ ठरली. दुसरा मजला, बंद दाराची खोली, आणि तिथलं बोलणं तिथंच राहणार, हेही ठरलं. एवढं सोपं असतं होय हे!

"आणि भाषा?" संपदाताईंनी विचारलं. "मराठी, हिंदी, कन्नड... तुम्हाला कशात मोकळं वाटेल?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी, कुणी म्हणून विचारलं नव्हतं.

"मालवणी... चालेल?"

"मला येत नाही हो. पण तुम्ही त्यातच बोला. अडलं तर मी विचारीन, तुम्ही सांगा."

फोन ठेवला. रिकाम्या स्वयंपाकघरात, दुपारच्या त्या दीर्घ, दग्ध शांततेत, ती कितीतरी दिवसांनी मोठ्यानं मालवणी बोलली, "आये गो, बुधवारी तुझा सगळा सांगतलय."

आणि भरती आली. माडांखालून निघालेली, घाट चढून आलेली, खारी, ऊन ऊन भरती. गालांवरून, हनुवटीवरून, थेंब थेंब, थेंब थेंब. बाहेर मोहर झरत राहिला.