साहेबांचे गालिचे

माझी मेहुणी फोटोग्राफरला घेऊन आली तेव्हा मी साहेबांच्या डोळ्यांत थेंब घालत होतो. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. म्हातारा झालाय, दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे. थेंबांनी दिसत काही नाही, नुसती खाज कमी होते. दुसरा आमचा बोका, कारकून. कुठेही कागद दिसला की त्यावर बसून राहतो, म्हणून कारकून. नावं बायकोने ठेवलेली. ती वारली आणि घरात आम्ही तिघे उरलो.

मेहुणी माझ्या बायकोची धाकटी बहीण. लोकांची घरं सजवून देते. आमच्या घराचे फोटो कुठल्याशा मासिकात छापून येणार होते, सोबत ताईच्या आठवणींचा तिचा लेख. तिने फोनवर विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. बायकोला ते आवडलं असतं. मला मेहुणी कधीच आवडली नाही. बायकोने साडी घेतली की ही रंगाला नाक मुरडायची, पडदे लावले की हसायची. बायको ऐकून घ्यायची. मीही ऐकून घ्यायचो, पण माझं डोकं फिरलेलं असायचं.

साहेबांची नजर गेली तेव्हा ते भिंतीला धडका द्यायचे. आमच्या हॉलमधून स्वयंपाकघरात उतरायला दोन पायऱ्या आहेत. तिथून ते एकदा पडले. मग बायको मला घेऊन गालिच्यांच्या दुकानात गेली. चपला काढल्या, डोळे मिटले आणि एकेका गालिच्यावरून अनवाणी चालू लागली. दुकानदाराला वाटलं बाईंना चक्कर येतेय, त्याने धावत जाऊन खुर्ची आणली. बायको खुर्चीवर बसली, चालून दमली होती, आणि तिथूनच तिने तीन निवडले. दाराशी टाकायला जाड लोकरीचा. पाण्याच्या भांड्याकडे जाणाऱ्या वाटेवर उभ्या धाग्यांचा, लांबट. आणि पायऱ्यांच्या काठाला काथ्याचा, पायाला टोचेल असा. रंग तिने बघितलेच नाहीत. घरी आणून पसरले तर एक बाटलीसारखा हिरवा, एक पिवळाधमक, एक गंजलेल्या पत्र्यासारखा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. साहेब दोन दिवसांत वाट शिकले. कारकुनाच्या गळ्यात घुंगरू बांधला, म्हणजे तो कुठे पसरलाय ते साहेबांना कळावं.

त्यानंतर मेहुणी आली ती दारातच थबकली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की ताई, हे फार धाडसी आहे, तुला कुणी सुचवलं? बायको म्हणाली, असंच सुचलं. मेहुणी गेल्यावर ती इतकी हसली की पदराने डोळे पुसायला लागले. मग मला म्हणाली, "तिला सांगायचं नाही हं. जन्मात पहिल्यांदा माझं काही चांगलं म्हणाली ती."

मी सांगितलं नाही. पुढे मेहुणीने स्वतःच्या हॉलमध्ये तसेच तीन गालिचे टाकले, मग गिऱ्हाइकांच्या घरीही. तिच्याकडे कुत्रं नाही, पायरी तर एकही नाही. तरी काथ्याचा गालिचा आहे.

तर फोटोंच्या दिवशी तिने सांगितलं की जनावरं जरा बाहेर ठेवा. बोका चालेल, खुर्चीत छान दिसेल. साहेबांची फिरायची वेळ झालीच होती, मी त्यांना घेऊन खाली गेलो. परत आलो. साहेब नेहमीप्रमाणे माझ्या पुढे आत शिरले. पाय लोकरीवर पडायला हवा होता, तो गार फरशीवर पडला. ते थांबले. मग अंदाजाने निघाले आणि टेबलाच्या पायावर आपटले. टेबल तिथे कधीच नव्हतं. घाबरून ते पाण्याकडे धावले. काथ्या पायाला लागलाच नाही, कारण मेहुणीने तो फोटोसाठी उचलून सोफ्याखाली अंथरला होता. दोन्ही पायऱ्यांवरून ते तोंडावर पडले.

मी धावलो. ओठ फुटला होता. साहेब स्वयंपाकघराच्या मध्यावर उभे राहिले, थरथरले आणि तिथेच मुतले. कारकून खुर्चीत बसून बघत होता. त्याच्या गळ्यात घुंगरू नव्हता.

मेहुणी वर काठाशी उभी होती. नाकाला ओढणी. म्हणाली, "भाऊजी, याला आता कशाचं भान राहिलेलं नाही. कशाला हाल करताय त्याचे? डॉक्टरांना बोलावून एक इंजेक्शन द्या, सुटेल बिचारा."

मी साहेबांचा ओठ पुसला आणि वर आलो. सोफ्याखालून काथ्याचा गालिचा ओढायला लागलो. तिने दुसरं टोक धरलं. म्हणाली, अजून निम्मे फोटो व्हायचेत, ताई असती तर तिनेही आता असंच मांडलं असतं. मी म्हणालो, सोड. ती सोडेना. फोटोग्राफर खिडकीबाहेर बघायला लागला.

"तुम्हाला यातलं काय कळतं?" ती म्हणाली. "जन्म गेला बसगाड्यांच्या खाली झोपून त्या दुरुस्त करण्यात. ताईला रंगांची जाण होती. तुमच्यासारख्या माणसाबरोबर राहूनसुद्धा होती."

सगळं ओठांवर आलं होतं. ते दुकान, ते मिटलेले डोळे, ती खुर्ची. एवढं बोललो असतो तर तिचा चेहरा कसा उतरला असता ते मला समोर दिसत होतं. तिचा लेख, तिची गिऱ्हाइकं, तिचा हॉल, सगळ्यावर पाणी. मला ते फार हवं होतं. पण मग बायकोचंही गेलं असतं. तिला या बाईकडून मिळालेलं कौतुक तेवढंच होतं.

"होती," मी म्हणालो. "तिलाच होती, मला नाही. म्हणून तिने ठेवलं तसंच राहील. तू नीघ."

"मला हाकलताय? कुत्र्यासाठी?"

"हो."

ती म्हणाली की या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, आणि सगळ्या नातेवाइकांना सांगेन की ताईच्या मागे भाऊजींचं डोकं फिरलंय. मी म्हणालो, सांग. टेबल हलवायचं होतं, तर फोटोग्राफरने एका बाजूने हात लावला. ते तिला अजिबात आवडलं नाही. दार जोरात आपटून ती गेली, तिच्यामागे तो.

मी तिन्ही गालिचे जागच्या जागी टाकले. घुंगरू फुलदाणीत सापडला, तो कारकुनाला बांधला. त्याने माझा हात ओरबाडला. मग साहेबांना उचलून दाराशी नेऊन ठेवलं. ते बराच वेळ लोकरीवर उभे राहिले. मग पिवळ्यावर आले, नाक खाली घालून सरळ चालले. काथ्या टोचला तसे थांबले. एक पाय खाली, मग दुसरा. पाणी प्यायले, निम्मं सांडलं.

महिन्याभराने मेहुणीचा फोन आला. कसे आहात वगैरे काही नाही. तो पिवळा गालिचा एका गिऱ्हाइकाला हवाय, तिला कुठेच मिळत नाहीये, ताईने कुठल्या दुकानातून घेतला होता?

दुकान मला माहीत होतं. तिथली खुर्चीसुद्धा माहीत होती. आठवत नाही म्हणालो आणि फोन ठेवला.