ह्याचंच

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून पुसलं, कारण यात मी एका म्हाताऱ्या माणसाशी धडधडीत खोटं बोललोय.

तर, लिफ्ट दुरुस्त करून मी जिन्याने खाली येत होतो. मी नेहमी जिन्यानेच उतरतो, दारांवरच्या पाट्या वाचत. बाबा गेले आणि आमच्या आडनावाचा मी एकटा उरलो, तेव्हापासूनची खोड. आडनाव तसं दुर्मीळ. आपलं म्हणावं असं कोणीतरी असेलच, या एका आशेवर दोन वर्षं सुट्ट्या घालवून जुनी दप्तरं, जन्ममृत्यूच्या नोंदी चाळल्या. चार पिढ्या सापडल्या, सगळ्या मेलेल्या. त्यांत बाबांचे वडील तेवढे कुठेच बसत नव्हते. म्हटलं, कागद गहाळ झाला असेल.

तिसऱ्या मजल्यावर पाटी दिसली. आमचंच आडनाव. ग्रीसचे हात पँटला पुसले आणि बेल दाबली.

दार उघडलं ते बाबांच्याच वयाच्या एका काकांनी. पोस्टातून रिटायर झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही, हे सगळं त्यांनी मी खुर्चीत टेकायच्या आत सांगून टाकलं. बोलायला माणूस मिळाला की असं होतं, मला माहितीये. मी मोबाइलवर वंशावळ दाखवली. त्यांनी चष्मा शोधला, स्क्रीन नाकाजवळ नेली.

"हे माझे पणजोबा. फोटोतल्या मिशा अजून आठवतात. पण काय रे, यात तू कुठे येतोस?"

मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी शाळा विचारली. ती सांगितली, तसे काका उठले, उगाच पंखा एकने वाढवला आणि परत येऊन बसले.

मग जे सांगितलं ते असं. पहिलीचा पहिला दिवस, मास्तर नावं लिहून घेतायत. काका पुढे, बाबा मागे. बाबांना त्यांची मावशी फाटकाशी सोडून कामावर पळालेली. नाव सांगून झालं, वडिलांचं झालं, आडनाव विचारलं तर गप्प. घरी कोणी कधी उच्चारलंच नव्हतं. मास्तर म्हणाले, जा, घरी विचारून ये. बाबांनी पुढच्या मुलाकडे बोट दाखवलं.

"'ह्याचंच,' म्हणाला. मास्तरांनी मला विचारलं, भाऊ का रे तुझा? मी हो म्हटलं. कसला भाऊ, मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो."

चौथीनंतर मावशीने बिऱ्हाड हलवलं, त्यानंतर दोघांची गाठ नाही.

मी हसायचा प्रयत्न केला. म्हणजे दोन वर्षं दुसऱ्याच्या पणजोबांमागे फिरलो होतो. आणि आता शोधायला आडनावही उरलं नव्हतं.

निघताना काका दाराच्या कडीशी चाळा करत उभे राहिले.

"माझी आठवण काढायचा का रे कधी?"

बाबांनी त्यांचं नाव आयुष्यात एकदाही काढलं नव्हतं.

"नेहमी काढायचे," मी म्हणालो. "माझा भाऊ, म्हणायचे."

काकांनी नुसती मान डोलावली. मी दोन जिने उतरलो तरी वर दार लागल्याचा आवाज आला नाही.

झेरॉक्सवाल्याला, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मित्राला, सगळं सांगितलं. आधी पोट धरून हसला. म्हणाला, दोन वर्षं परक्या खानदानाची हमाली केलीस, तीही फुकट. मग हसू आवरून म्हणाला, त्यांच्याकडे जायचंच असेल तर थापा मारून जाऊ नकोस, खरं काय ते सांगून टाक, मग ठेवतील तर ठेवतील.

त्याचं बरोबर आहे. पण दर रविवारी काका विचारतात, अजून काय काय सांगायचा? आणि मी सांगतो. परवा सांगितलं की तुम्ही दोघं शाळेच्या भिंतीवरून पडला होतात, तुम्हाला लागलं आणि रडले बाबा. हे मी जिना चढता चढता रचलेलं.

काकांनी पँट वर सरकवली, गुडघा चाचपला.

"हो हो," म्हणाले. "हाच, डावा."

येत्या रविवारी नक्की खरं सांगतो, असा मी झेरॉक्सवाल्याला शब्द दिलाय. हा पाचवा.