अंगठ्याचा अर्थ

शुभंकरचा संदेश दहा वाजून चार मिनिटांचा होता. त्याखालचा पिवळा अंगठा दहा वाजून पाच मिनिटांचा.

संदेश असा: "रक्तपेढीच्या फ्रीजचा तापमापक ०.८ अंशांनी कमी दाखवतोय. मर्यादा ०.५. चालेल का?" अंगठा मंजुरी देणाऱ्या महिपती सरांचा. शुभंकरने 'तपासले, योग्य' असा स्टिकर चिकटवला आणि तो पुढच्या कामाला मार्केट यार्डात गेला.

वारज्यातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेचं काम एवढंच, की दुसऱ्यांची उपकरणं बरोबर मोजतात का ते मोजायचं. दुपारी तो संदेश माझ्या नजरेस पडला आणि मी स्टिकर काढायला लावला.

"अहो, अंगठा म्हणजे वाचलं," महिपती सर म्हणाले. "मंजूर असतं तर मंजूर लिहिलं असतं. मी काय अंगठेबहाद्दर आहे?"

"सर, सगळ्या जगात अंगठा म्हणजे हो," शुभंकर म्हणाला.

"मग जगाकडूनच तपासून घ्या रक्तपेढी."

मी मागचे अंगठे पाहायला बसले. चार वर्षांत सरांचे दोनशे अकरा. त्यांतल्या नऊ ठिकाणी असाच घोळ होता होता राहिला होता. कुणीतरी हटकलं होतं, पुन्हा मोजलं होतं, कारण लिहिलं होतं. प्रमाणपत्रावर नुसता आकडा असतो. तो का स्वीकारला, का नाकारला, ते फक्त आमच्या या चॅटमध्ये. आणि त्याच्या माथ्यावर एक राखाडी पट्टी आली होती: एक तारखेपासून मोफत सेवेत नव्वद दिवसांपूर्वीचे संदेश दिसणार नाहीत. आज सव्वीस होती.

मिसबा आमच्या संगणकांचं पाहते. तिने आठ महिन्यांपूर्वीच सुचवलं होतं, "मॅडम, चॅट आपल्याच सर्व्हरवर ठेवू या. सॉफ्टवेअर मुक्त आहे, कोड उघडा आहे." मी म्हटलं होतं, "बघू." पुण्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. तिलाही कळला. कारण मात्र मी सांगितलं नव्हतं. पूर्वी माझ्याच आग्रहाने घेतलेली एक डिस्क बंद पडली आणि सहा महिन्यांच्या नोंदी गेल्या. बाहेरची सेवा बिघडली तर दोष त्यांचा. आपलं मशीन बिघडलं तर माझा.

त्या दुपारी मी तिला कारण सांगितलं. "हे आधी कळलं असतं, तर आधीच मोडून दाखवलं असतं," ती म्हणाली.

शुक्रवारी तिने मोडून दाखवलं. जुन्या संगणकावर तिने दोन सॉफ्टवेअर चालवून पाहिली होती. पहिलं देखणं, पण 'नाकारला' हा शब्द शोधला तर हाती काही लागेना. देवनागरीशी त्याचं जमत नव्हतं. दुसरं साधं, पण शोधलेलं सापडे. त्याच्या कोडमध्ये तिने एक बदलही केला होता: 'वाचलं' आणि 'मंजूर' अशा दोन वेगळ्या खुणा, आणि 'मंजूर' फक्त मला आणि सरांना उमटवता येणार. चार वर्षांचे सगळे संदेश तिने त्यात भरले होते. मग आमच्यासमोर मशीन बंद करून तिने डिस्कच काढली आणि टेबलावर ठेवली.

"झालं," सर म्हणाले. "आता पोस्टकार्डं मागवा."

"सर, आपल्या कर्वेनगरच्या ऑफिसात रोज सकाळी सगळ्या संदेशांची एक प्रत जाते. मॅडम, घड्याळ लावा."

मी लावलं. कोरी डिस्क बसवून, प्रत उतरवून चॅट पुन्हा सुरू व्हायला एकोणतीस मिनिटं लागली. शुभंकरने रक्तपेढी शोधली. सापडली.

"दोन संदेश गेले," मिसबा स्वतःहून म्हणाली. "सकाळच्या प्रतीनंतरचे. प्रत तासाला घेतली तर जास्तीत जास्त एका तासाचं जाईल. शून्य नाही होणार, मॅडम."

शून्य होईल असं ती म्हणाली असती, तर मी पुन्हा थांबले असते.

"आपल्याच मशीनवर ठेवायचं," मी म्हणाले. "सोमवारपासून. आणि बंद पडलं, तर पहिला फोन मला."