शुक्रवार कोणाचा

त्या घरात कधी भांडं आपटलं नाही की दार आदळलं नाही. सभ्यपणाच फार. ताटलीत शेवटचं बिस्किट उरलं की तो म्हणायचा, "तू घे." ती म्हणायची, "मला नको रे, तूच घे." या आग्रहात बिस्किट मऊ पडायचं आणि शेवटी गुंडी ते उचलून तोंडात टाकायची. गुंडी म्हणजे त्यांची आठ वर्षांची लेक. आईच्या शिवणाच्या डब्यातल्या गुंड्यांपुढे तिला दुसरं खेळणं चालायचं नाही, म्हणून पडलेलं नाव.

"तुझं काय म्हणणं?" "तू म्हणशील तसं," असं करता करता संसाराची वर्षं सरली, आणि एक दिवस दोघांना कळलं की आता म्हणण्यासारखंच काही उरलेलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती एका कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करायची, उसवलेली अस्तरं लावायची. घटस्फोटाच्या अर्जावर दोघांनी शेजारी शेजारी बसून सह्या केल्या. त्यानं तिला पेनसुद्धा टोपण काढून दिलं. अडलं एकाच जागी. गुंडी कोणाकडे राहणार? वकिलांमार्फत दोघांनीही तिचा ताबा मागितला होता. एकमेकांशी मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही. तोवर शाळेचे दिवस आईकडे, शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत बाबांकडे, असं ठरलं होतं.

तिची वकीलबाई फटकळ होती. "तिला पढवायचं नाही हं. न्यायाधीश मुलांना एकटं आत नेऊन बोलतात. पढवलेलं पोर त्यांना दारातच ओळखू येतं."

"पण तिनं त्याचंच नाव घेतलं तर?"

"घेऊ दे की. तिचं म्हणणं ऐकतात, पण सगळा निकाल आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर नाही ठेवत. तिचं भलं कशात आहे ते बघतात. आणि ताबा म्हणजे मालकी नव्हे, बाई. पोरगी तुमच्याकडे राहिली म्हणून तो काही बापपणातून निवृत्त होत नाही. तुम्हीही नाही होणार."

एवढं ऐकूनही तिची धास्ती काही गेली नाही. गुंडीशिवायची सकाळ कशी असते ते तिला दर शनिवारी कळायचं. डबा भरायचा नाही, मोजे शोधायचे नाहीत, आणि हातांना काय सांगावं ते सुचायचं नाही. पण पढवायचं नाही म्हणजे नाही. उलट लेकीवर ओझं नको म्हणून आदल्या संध्याकाळी, वेणी घालता घालता, दातात रिबीन धरून ती म्हणाली होती, "बाबांकडे राहावंसं वाटलं तर बिनधास्त सांग हं. मला काही वाटणार नाही. मी मजेत राहीन."

"बरं," गुंडी म्हणाली होती.

आपला आवाज जराही हलू दिला नाही याचं तिला मनातून कौतुक वाटलं होतं.

आज कोर्टाच्या गॅलरीत बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. गुंडी दप्तर घेऊन आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. कारकून बाईंनी तिला आपल्या टेबलाशी बसवून रंगीत खडू दिले. मग आईबाबांना आत बोलावलं. वकील बाहेरच.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तुमच्या मुलीनं मला विचारलं," त्या म्हणाल्या, "की आईलाही नको आणि बाबांनाही नको असलेली मुलं कुठे राहतात. इथे सोय असते का. दप्तरातून तिनं टूथब्रश काढून दाखवला. येताना घेऊनच आलीय."

ती हसली. खरंच हसली; ऐकलेलं आत पोचायच्या आधी ओठ आपले सवयीनं हलले. मग खुर्चीचा हात घट्ट धरावा लागला.

"असं कोण म्हणालं तिला?" तो उसळला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज असा चढलेला तिनं ऐकला नव्हता. "कोणी सांगितलं तिला हे?"

"तुम्ही. आई म्हणाली बाबांकडे जा, मी मजेत राहीन. बाबा म्हणाले आईकडेच राहा, माझं छान चाललंय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे. तो पांढराफटक पडला होता.

"मी रविवारी…" त्याची जीभ अडखळली. "तिला त्रास नको म्हणून. तू काय सांगितलंस?"

"तेच," ती म्हणाली. "शब्दन् शब्द तेच."

"बाई," न्यायाधीश म्हणाल्या, "तुम्हाला मुलगी हवी आहे का?"

"तिला जिथे बरं वाटेल…"

"तिचं नाही विचारलं."

स्वतःसाठी मागायची सवयच नव्हती. "हवी," ती म्हणाली, आणि मग थांबताच येईना. "हवी. मलाच हवी. मला तिच्याशिवाय जमत नाही."

"आणि मला जमतं?" तो ताडकन उठला. "तीन दिवस बाप आणि चार दिवस पाहुणा! मला कोणी विचारलं?"

"तू कधी बोललास?"

"तू बोलू दिलंस?"

न्यायाधीश बाईंनी दोघांना अडवलं नाही. त्यांनी फक्त बेल वाजवून गुंडीला आत बोलावलं. "तिच्यासमोर भांडू नका, असं सगळे सांगतात, मीही सांगते," त्या म्हणाल्या. "पण हे एवढं तिच्यासमोर म्हणा."

दोघांनी म्हटलं. रडत, एकमेकांना तोडत. गुंडी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"मग तसं का सांगितलंत?" तिनं विचारलं.

"चुकलं," आई म्हणाली.

निकाल काही लागला नाही. पुढची तारीख मिळाली, मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशक बाईंची वेळ मिळाली, तोवर व्यवस्था आहे तशीच. तिघं कोर्टाच्या फाटकाबाहेर आली. शुक्रवारची दुपार कलली होती. गुंडीचा हात आईच्या हातात होता.

त्यानं घसा खाकरला. "आजचा दिवस तुझ्याकडे राहू दे हवं तर. मला चालेल."

हातातली इवली बोटं एकदम ताठ झाली. लाकडासारखी.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. "हरकत नाही, तू म्हणशील तसं" हे तिच्याही जिभेच्या टोकावर तयारच होतं. तिनं ते गिळलं.

"हवं तर म्हणू नकोस!" ती भर रस्त्यात ओरडली. एक सायकलवाला थांबून बघायला लागला. "शुक्रवार तुझा आहे. ने तिला! आणि रविवारी संध्याकाळी मी दारात उभी असेन. जरा उशीर केलास तर गाठ माझ्याशी आहे. माझी पोरगी मला वेळेवर परत हवी!"

तो बघतच राहिला. मग त्याला उमगलं. "हो, माझाच शुक्रवार," तोही मोठ्यानं म्हणाला, सायकलवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आणि तुला एक मिनिटही आधी मिळणार नाही ती!"

"आई, हळू," गुंडी पुटपुटली. "लोक बघतायत."

"बघू देत."

गुंडीनं दप्तर खांद्यावर चढवलं, बाबांचं बोट धरलं आणि मागे वळून बजावलं, "रविवारी. दारात. तू म्हणालीस हं."